इफुगाओची सुगी

भारताच्या पूर्वेस, दक्षिण चिनी समुद्राच्या पलीकडे, फिलिपाइन्स नावाचा द्वीपसमूह आहे. लहानमोठी मिळून साडेसात हजारांहून अधिक बेटे या देशात आहेत. त्यांपैकी सर्वांत मोठे बेट म्हणजे लुझॉन. लुझॉनच्या उत्तर भागात कॉर्डिलेरा नावाची पर्वतराजी पसरली असून तिच्या कुशीत इफुगाओ हा डोंगरी प्रांत वसला आहे. नकाशावर बोट ठेवून पाहिले, तर एक गमतीची गोष्ट ध्यानात येते. महाराष्ट्रातील रत्नागिरी व सांगली ही नगरे ज्या अक्षांशाच्या आसपास आहेत, जवळजवळ त्याच अक्षांशावर हा प्रांतही आहे. कोकणाप्रमाणे येथेही मुख्य पीक भाताचेच. मात्र इफुगाओचा शेतकरी आपली खाचरे डोंगराच्या अंगावर एकावर एक रचीत, थेट वरच्या रानाच्या सीमेपर्यंत चढवीत नेतो. म्हणूनच ही सोपानशेती पाहण्यासाठी देशोदेशींचे प्रवासी येथे येतात.

'इफुगाओ' या नावाचा अर्थ 'टेकडीवरचे लोक' असा सांगितला जातो. फिलिपाइन्सवर स्पेनचा अंमल १५६५ पासून १८९८ पर्यंत, म्हणजे तीनशेहून अधिक वर्षे होता. सपाटीवरील गावे त्या अमलाखाली गेली. परंतु या डोंगरांतील लोकांना पुरते जिंकणे स्पॅनिश सैन्याला कधीच साधले नाही. पुढे अमेरिकेची सत्ता आली आणि १९४६ मध्ये देश स्वतंत्र झाला. डोंगराळ प्रदेशाच्या जुन्या मोठ्या प्रांताचे विभाजन होऊन १८ जून १९६६ या दिवशी इफुगाओ हा स्वतंत्र प्रांत अस्तित्वात आला. त्याच सुमारास दरवर्षी लगावे या प्रांताच्या मुख्य ठिकाणी मोठा उत्सव भरतो. त्याला 'गोटाद अद इफुगाओ' असे म्हणतात. पूर्वी एखादे संपन्न घराणे साऱ्या गावाला बोलावून जो मानाचा सोहळा करीत असे, त्याच्याशी हे नाव निगडित आहे. आता हा सोहळा एका घराण्याचा राहिला नसून सर्व प्रांताचा झाला आहे.

या उत्सवाला जाऊ इच्छिणारा प्रवासी राजधानी मनिला येथून बहुधा रात्रीच्या बसने निघतो. अंतर सुमारे साडेतीनशे किलोमीटरचे. परंतु पुढचा रस्ता डोंगरांतून वळणे घेत जात असल्यामुळे सारी रात्र प्रवासात जाते. प्रथम लुझॉनची सपाट भातशेती लागते. नंतर घाट सुरू होतो. पहाटे डोळे उघडावेत, तो खिडकीबाहेर खोल दऱ्या, त्यांतून वर येणारे धुके आणि धुक्यातून डोके वर काढणारी हिरवी शिखरे दिसू लागतात. हवेत गारवा असतो. लगावे जवळ येते, तसा दुरून थाळ्यांचा घणघणाट कानी पडू लागतो.

उत्सवाचे मैदान माणसांनी फुलून गेलेले असते. इफुगाओत अकरा नगरविभाग आहेत. प्रत्येक विभागाचे पथक आपापल्या पोषाखात मिरवणुकीने येते. पुरुषांनी लाल रंगाचे, पट्टेदार काठाचे 'वानो' नावाचे कटिवस्त्र नेसलेले असते. स्त्रियांनी कमरेभोवती हातमागावर विणलेले 'तापिस' गुंडाळलेले असते व गळ्यांत मण्यांच्या माळा घातलेल्या असतात. वादकांच्या हाती 'गांग्सा' नावाच्या धातूच्या थाळ्या असतात. कोणी त्या काठीने वाजवितो, तर कोणी मांडीवर ठेवून हाताने. त्या तालावर नर्तक पक्ष्याने पंख पसरावेत तसे हात पसरतात आणि पाय जमिनीवर हलकेच आपटीत फेर धरतात. या नृत्यात उड्या नाहीत, धावपळ नाही. पावले सावकाश व सावध पडतात. ज्या लोकांचे आयुष्य अरुंद बांधांवरून चालण्यात गेले, त्यांच्या पावलांना असा तोल सहजच साधत असावा, असे पाहणाऱ्याला वाटून जाते.

एका बाजूला उखळात भात कांडण्याची चढाओढ लागलेली असते. दोघे-तिघे मिळून एकाच उखळात मुसळे चालवितात. परंतु एकाचेही मुसळ दुसऱ्याच्या मुसळावर आदळत नाही. दुसऱ्या बाजूला 'बुलतोंग' नावाची कुस्ती रंगात येते. दोन्ही मल्ल परस्परांचे कटिवस्त्र घट्ट धरतात आणि प्रतिस्पर्ध्याला खाली पाडण्याचा प्रयत्न करतात. ही कुस्ती केवळ करमणुकीची नव्हे. पूर्वी दोन शेजाऱ्यांत शेताच्या हद्दीविषयी तंटा झाला, म्हणजे त्याच बांधावर बुलतोंग होत असे. पराभूत मल्ल जेथे पडे, तेथून हद्द धरली जाई. शेताची हद्द ठरविण्यासाठी लोक कुस्ती खेळत, यावरून तेथील जमिनीच्या एकेका वितीचे मोल कळून येते.

असेच आणखी एक कौतुक बनावे या गावी पाहावयास मिळते. तेथे एप्रिल महिन्यात 'इम्बायाह' नावाचा उत्सव होतो. तांदूळ आंबवून केलेल्या 'बाया' या पेयावरून त्याला हे नाव पडले आहे. त्या वेळी तरुण मुले लाकडाच्या दुचाक्यांची शर्यत लावतात. या दुचाक्या त्यांनी स्वतः तासून घडविलेल्या असतात. त्यांची चाकेही लाकडाचीच. त्यांच्या तोंडाशी सिंहाचे किंवा अन्य प्राण्याचे मस्तक कोरलेले असते. त्यांवर बसून मुले उताराच्या रस्त्यावरून भरधाव खाली येतात आणि दुतर्फा उभे असलेले लोक आरोळ्या ठोकून त्यांना उत्तेजन देतात.

सायंकाळी लगावेचे मैदान हळूहळू रिकामे होते. परंतु प्रवासी तेथूनच परतला, तर त्याने उत्सवाचे फूल पाहिले, मूळ पाहिले नाही, असेच म्हणावे लागेल. ते मूळ पाहण्यासाठी त्याला वर, बनावेकडे जावे लागते. वळण ओलांडताच समोरचा सबंध डोंगर पायऱ्यापायऱ्यांचा झालेला दिसतो. जणू आकाशात चढून जाण्यासाठी कोणी जिना बांधला आहे. बनावेपासून काही अंतरावर बतद नावाचे खेडे आहे. तेथे रस्ता संपल्यावर पायवाटेने उतरावे लागते. बतदची खाचरे अर्धवर्तुळाकार असून, मोठ्या नाट्यगृहातील बैठकांप्रमाणे ती खालच्या खेड्याला वेढून उभी आहेत. काही ठिकाणी त्यांच्या भिंती माणसाच्या उंचीहूनही उंच आहेत. वर चढण्यासाठी भिंतीतूनच दगड बाहेर काढून ठेवलेले असतात. डोक्यावर ओझे घेतलेल्या स्त्रिया त्या दगडांवर पाय देत सराईतपणे वर जातात. पाहणाऱ्याचाच जीव मुठीत येतो.

या भिंती दगडांच्या व चिखलमातीच्या आहेत. त्या रचताना यंत्रे नव्हती, सिमेंट नव्हते. पिढ्यान्‌पिढ्या माणसांनी दगड वाहून आणले आणि हातांनी बसविले. ही खाचरे दोन हजार वर्षांची असावीत, असे जुन्या पुस्तकांतून लिहिलेले आढळते. परंतु कियांगानजवळील प्राचीन वसाहतीचे उत्खनन करणाऱ्या संशोधकांना वेगळे पुरावे मिळाले आहेत. त्यांच्या मते पूर्वी येथील लोक अळूचे कंद लावीत. स्पॅनिश लोक सपाटीवर आल्यानंतर, म्हणजे सुमारे चारशे वर्षांपूर्वी, पुष्कळ लोक डोंगरांत सरकले आणि त्यांनी अल्पकाळातच भाताची ही प्रचंड शेती उभी केली. हे मत मान्य केल्यास खाचरांचे वय कमी होते. परंतु ती बांधणाऱ्यांचा पराक्रम अधिकच मोठा ठरतो.

भिंतीइतकेच महत्त्व पाण्याला आहे. प्रत्येक खाचरसमूहाच्या वर रान राखलेले असते. त्याला 'मुयोंग' म्हणतात. हे रान कुटुंबाच्या मालकीचे असते आणि त्याची निगा वडिलोपार्जित ठेव्याप्रमाणे राखली जाते. रानातील झाडे पावसाचे पाणी धरून ठेवतात व ते सावकाश खाली सोडतात. ते पाणी पाटांतून आणि बांबूच्या पन्हळींतून सर्वांत वरच्या खाचरात येते. तेथून खालच्या, मग त्याच्या खालच्या, असे उतरत उतरत ते शेवटी नदीला मिळते. वरच्याने पाणी अडविले, तर खालचा उपाशी राहतो. वरच्याचा बांध फुटला, तर दगडमातीचा लोंढा खालच्याच्या पिकावर येतो. म्हणून येथे कोणालाही 'माझे शेत मी पाहीन, तुझे तू पाहा' असे म्हणता येत नाही. लावणीच्या वेळी किंवा भिंत ढासळल्यास शेजारी कामाला धावून येतात. आज याच्या शेतात, तर उद्या त्याच्या. या प्रथेला 'उब्बू' असे नाव आहे. महाराष्ट्रातील शेतकरी ज्याला सावड म्हणतात, तसाच हा प्रकार होय.

येथील जुन्या जातीच्या भाताला 'तिनावोन' म्हणतात. 'वर्षातून एकदा येणारे' असा त्या शब्दाचा अर्थ आहे. थंड हवेत हे पीक सावकाश वाढते. वर्षाच्या आरंभी रोपांची लावणी होते आणि जून-जुलैच्या सुमारास शेते पिवळी होतात. मग गावोगाव कापणी सुरू होते. स्त्रिया रांगेने खाचरात उतरतात. त्यांच्या हातात विळा नसतो. तळहातात मावणारे लहानसे पाते असते. त्याने त्या एकेक लोंबी खुडतात व लोंब्यांच्या पेंढ्या बांधतात. पुरुष त्या पेंढ्या दांड्याला अडकवितात आणि दांडा खांद्यावर घेऊन घरी नेतात.

काम चालू असता एक वृद्ध स्त्री गाऊ लागते. तिची ओळ संपताच बाकीच्या स्त्रिया पुढचे शब्द उचलतात. या गायनाला 'हुडहुड' म्हणतात. हुडहुडची दोनशेहून अधिक कथागीते असून प्रत्येकाचे चाळीस भाग आहेत. एक गीत पूर्ण म्हणावयाचे, तर कित्येक दिवस लागतात. ती लिहून ठेवलेली नव्हती. आजीने म्हणावे, नातीने ऐकावे, अशा रीतीने ती टिकून राहिली.

त्यांतील एक प्रसिद्ध कथा आलिगुयोन या वीराची आहे. वडिलांच्या जुन्या वैराचा सूड घेण्यासाठी तो शत्रूच्या गावावर चालून जातो. तेथे त्याच्यापुढे पुंबाखायोन हा तितकाच शूर तरुण उभा ठाकतो. आलिगुयोन भाला फेकतो. पुंबाखायोन तो हवेतच झेलतो व परत फेकतो. तोही तसाच झेलला जातो. दिवसांमागून दिवस जातात, महिने लोटतात; परंतु कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही. अखेर दोघांनाही परस्परांच्या शौर्याविषयी आदर वाटू लागतो. ते भाले खाली ठेवतात. आलिगुयोन पुंबाखायोनच्या बहिणीशी विवाह करतो आणि पुंबाखायोन आलिगुयोनच्या बहिणीशी. दोन्ही गावांचे वैर संपते. ज्यांची शेते एकाच पाण्यावर पिकतात, त्या लोकांना वैर किती परवडणार! ही कथा सुगीच्या दिवसांत शेतातच गायिली जाते, हे किती योग्य आहे!

पेंढ्या घरी आल्या, म्हणजे त्या कोठारात रचतात. इफुगाओंचे जुन्या पद्धतीचे घर चार खांबांवर उभे असते. प्रत्येक खांबाला वरच्या बाजूस लाकडाची गोल चकती बसविलेली असते, त्यामुळे उंदरांना वर चढता येत नाही. सबंध घर एकही खिळा न मारता उभारलेले असते. धान्याच्या राखणीसाठी कोठारात 'बुलुल' नावाच्या लाकडी मूर्ती बसविण्याची प्रथा आहे. आता पुष्कळ इफुगाओ ख्रिस्ती झाले आहेत आणि जुने विधी जाणणारे पुजारी थोडेच उरले आहेत. तरीही सुगीच्या वेळी पूर्वजांचे स्मरण करणारी घरे आहेत.

येथवरचे वर्णन वाचून या प्रांतात सर्व काही सुखाचे आहे, असे कोणास वाटेल. परंतु तसे नाही. खाचरात बारा महिने ओलावा लागतो. ते पडीक राहिले की माती सुकते, भेगा पडतात, गांडुळे भिंत पोखरतात आणि पुढच्या पावसात ती भिंत कोसळते. फिलिपाइन्समध्ये १९८० नंतरच्या दशकात खाण्यासाठी म्हणून परदेशातून एक गोगलगाय आणण्यात आली. ती शेतांत पसरली आणि कोवळी रोपे फस्त करू लागली. तिनावोन वर्षातून एकदाच येत असल्यामुळे अनेक कुटुंबांना ते वर्षभर पुरत नाही. शिवाय येथील रूढीप्रमाणे मुख्य शेते थोरल्या अपत्याकडे जातात. त्यामुळे शेताचे तुकडे पडत नाहीत. परंतु धाकट्यांना दुसरा उद्योग शोधावा लागतो. शिकलेली मुले बागियो, मनिला अशा नगरांत किंवा परदेशी जातात. त्यांना दोष देता येत नाही; कारण पोटाचा प्रश्न सर्वांनाच सोडवावा लागतो. पण मुले गेली, म्हणजे भिंत बांधणारे हात गेले आणि हुडहुड ऐकणारे कानही गेले.

इफुगाओतील पाच ठिकाणच्या सोपानशेतीला १९९५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. अवघ्या सहा वर्षांनी, २००१ मध्ये, हा वारसा धोक्यात असल्याचे त्याच संस्थेला जाहीर करावे लागले. त्यानंतर गावकरी, सरकार आणि अभ्यासक यांनी मिळून पडझड झालेल्या भिंती व पाट दुरुस्त केले, रानांचे रक्षण केले. आणि २०१२ मध्ये धोक्यातील वारशांच्या यादीतून या शेतीचे नाव काढण्यात आले. हुडहुडलाही २००१ मध्ये मानवजातीचा वारसा म्हणून गौरविण्यात आले. मुलांना ही गीते शिकविण्यासाठी 'जिवंत परंपरेच्या शाळा' निघाल्या. त्यांत वृद्ध गायिका मुलांना शेजारी बसवून गाणे शिकवितात. तथापि संकट कायमचे टळले, असे नाही. प्रत्येक वादळात कोठे ना कोठे भिंत कोसळते आणि ती पुन्हा उभारावी लागते.

हुंगदुआन विभागातील हापाओ येथे सुगीची सांगता 'पुन्नुक' या खेळाने होते. कापणी पुरी झाली, म्हणजे गावकरी लाल वस्त्रे नेसून, बांधांवरून एकामागून एक चालत नदीकडे उतरतात. पिवळ्या खुंटांच्या खाचरांतून ती लाल रांग वळणे घेत जाते. नदीच्या दोन्ही काठांवर दोन पक्ष उभे राहतात. गवतपेंढ्याची बांधलेली 'किनाअग' नावाची आकृती पाण्यात टाकली जाते. दोन्ही पक्ष आकड्यांच्या लांब काठ्या तिच्यात अडकवितात आणि गुडघाभर, कमरभर पाण्यात उतरून रस्सीखेच सुरू करतात. पाणी उसळते, पाय घसरतात, हशा पिकतो. हरलेले आणि जिंकलेले सारेच भिजून चिंब होतात. कंबोडिया, कोरिया आणि व्हिएतनाम या देशांतील अशाच खेळांबरोबर पुन्नुकचाही २०१५ मध्ये मानवजातीच्या वारशात समावेश झाला.

खेळ संपला, म्हणजे किनाअग नदीच्या प्रवाहात सोडून देतात. सरलेले वर्ष तिच्याबरोबर वाहून जाते आणि नव्या वर्षाच्या कामाला आरंभ होतो. उत्सवासाठी नगरांतून घरी आलेले तरुण त्या वेळी काठावर उभे असतात. त्यांच्यातील काही परत जातात. काही मात्र ओल्या वस्त्रांनिशी वर चढून जातात आणि पावसाने कोठे भिंत खचली आहे काय, हे वडिलांबरोबर पाहू लागतात. जोवर असे पाहणारे कोणी आहेत, तोवर इफुगाओच्या डोंगरांवर सुगी येत राहील आणि लगावेच्या मैदानावर थाळ्या वाजत राहतील.

शब्दार्थ

सोपान – जिना, पायऱ्या. पर्वतराजी – डोंगरांची रांग. कटिवस्त्र – कमरेला नेसावयाचे वस्त्र. सराईतपणे – सवयीच्या सफाईने. पन्हळ – पाणी वाहून नेण्यासाठी केलेली अर्धी नळी. लोंबी – भाताचे कणीस. सावड – शेतकऱ्यांनी आळीपाळीने एकमेकांच्या शेतात काम करण्याची प्रथा. जीव मुठीत येणे – अतिशय भीती वाटणे. सांगता – शेवट, समाप्ती.

स्वाध्याय

१. थोडक्यात उत्तरे लिहा :
(अ) लगावे येथील उत्सव कोणत्या महिन्यात व कोणत्या निमित्ताने भरतो?
(आ) बुलतोंग या कुस्तीचा पूर्वी कोणता उपयोग होत असे?
(इ) खाचरांच्या वयाविषयी संशोधकांचे नवे मत काय आहे?
(ई) आलिगुयोन व पुंबाखायोन यांचे वैर कसे संपले?

२. कारणे द्या :
(अ) घराच्या खांबांना लाकडी चकत्या बसवितात.
(आ) खाचर पडीक राहिल्यास भिंत कोसळते.
(इ) तरुण मुले गाव सोडून जातात.

३. 'माझे शेत मी पाहीन, तुझे तू पाहा' असे इफुगाओत का म्हणता येत नाही, ते आपल्या शब्दांत स्पष्ट करा.

४. वाक्यांत उपयोग करा : डोके वर काढणे, कानी पडणे, उभा ठाकणे, फस्त करणे.

५. आपल्या गावातील वृद्ध माणसांकडून सुगीच्या वेळचे एखादे गाणे, खेळ किंवा प्रथा यांची माहिती मिळवा व ती दहा ओळींत लिहून काढा.